बार्शीशी काय वाकडं? लेबलं छापणाऱ्या एका प्रोग्रॅमचं प्रकरण

सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्याकडे ऐन लग्नसराईत घडलेली ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील गाळलेत. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला, चालवला आणि दुरुस्त केला त्या तिघांत मीही होतो, त्यामुळे माझ्या चुकाही यात आल्या आहेत.

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोडवर या व्यापाऱ्यांचे थोडे लूम आहेत, पण मुख्य धंदा घाऊक विक्रीचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. जिल्ह्यातले कापड दुकानदार फोनवर ऑर्डर देतात, गोडाऊनमध्ये गाठी बांधल्या जातात आणि संध्याकाळी साडेसहाला ट्रान्सपोर्टचा टेम्पो माल घेऊन जातो. लग्नसराईत टॉवेल-टोपीच्या आहेरामुळे गाठींची संख्या दुपटीने वाढते.

गाठीवर पूर्वी मार्करने नाव लिहायचे. दिवाळीनंतर अण्णांच्या भाच्याने, जो बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सत्तर-ऐंशी ओळींचा एक प्रोग्रॅम लिहून दिला. हिशेब पाहणाऱ्या ताई हंगामातल्या सगळ्या ऑर्डरी गूगल शीटमध्ये भरतात. दुपारी ते शीट सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, उतरवायचं आणि प्रोग्रॅम चालवायचा. ज्या ऑर्डरीपुढे ‘गेलं’ अशी खूण नाही, त्यांच्या लेबलांचं एक एचटीएमएल पान तयार होतं. ते ब्राउझरमध्ये उघडून स्टिकर कागदावर छापलं की काम झालं. छापल्यावर ताई शीटमध्ये एकदम सगळ्यांपुढे ‘गेलं’ लिहायच्या. ही शेवटची सवय पुढे महागात पडली.

रकान्यांची शीर्षकं आणि दुकानदारांची नावं इंग्रजीत होती. मालाचं नाव मात्र पहिल्या दिवसापासून मराठीत होतं: चादर, टॉवेल, पंचा, सतरंजी, नॅपकिन. कारण गाठी बांधणारी माणसं ते वाचून बांधतात. पाच महिने हे सगळं बिनबोभाट चाललं, आणि आपला प्रोग्रॅम मराठी नीट हाताळतो असं सगळ्यांनी धरून टाकलं. मीही तसंच धरलं असतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती शेवटी लागणार आहे. ऑफिसमधला कॉम्प्युटर विंडोजचा आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) आहे.

अडचण

ट्रान्सपोर्टच्या हमालांनी तक्रार केली की गावांची नावं इंग्रजीत असल्याने गाठी लावताना गोंधळ होतो. म्हणून ताईंनी नव्या ऑर्डरींत गावं मराठीत लिहायला सुरुवात केली. शनिवारी पंढरपूर, सांगोला, मोहोळ अशी काही नावं मराठीत गेली आणि लेबलं सुरेख छापली गेली. सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी प्रोग्रॅम आडवा पडला.

शेवटची ओळ अशी होती, इंग्रजीचा मराठी भावार्थ देतो: ‘चारमॅप’ कोडेकला ५१२७ या जागेवरचा ८डी हा बाइट उलगडता येत नाही, हे अक्षर ‘अनडिफाइन्ड’कडे जातं. (फाइलमध्ये अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवलेली असतात. असा एक आकडा म्हणजे बाइट, तो ८डीसारखा अंक-अक्षरांत लिहितात. बाइटांची अक्षरं आणि अक्षरांचे बाइट करतो तो कोडेक. अनडिफाइन्ड म्हणजे काही ठरवलेलंच नाही असं.)

ताईंनी भाच्याला फोन केला. त्याने फाइल मागवून आपल्या लॅपटॉपवर चालवली. चालली! ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे प्रोग्रॅमरांचं आवडतं वाक्य म्हणून तो दुचाकीवरून ऑफिसला आला.

सोमवारचे निर्णय

पहिला प्रश्न होता, कुठली ओळ अडते आहे? भाच्याने प्रत्येक ओळ वाचली की पडद्यावर छापायची सोय केली. शीटमध्ये सुमारे २४० ओळी होत्या. १२० ओळी छापल्या गेल्या आणि तिथे प्रोग्रॅम थांबला. म्हणजे दोष १२१व्या ओळीत, असं त्याने मानलं. ती ओळ सांगोल्याच्या एका दुकानदाराची होती आणि डोळ्यांना तिच्यात काहीच वावगं दिसेना. वेळ जात होता. त्याने उतरवलेल्या फाइलमधून ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा चालवून पाहिलं. परत १२० ओळी आणि तोच एरर. आता १२१वर आलेली पुढची ओळ काढली. परत तेच. तिसरीही काढली.

इथे थांबून आत काय चाललं होतं ते पाहू, कारण पहिला चकवा इथेच आहे. पायथन फाइल ओळी-ओळीने देतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो ८१९२ बाइटांचा एक घास घेतो, तो पूर्ण उलगडतो आणि मग त्यातून एकेक ओळ आपल्या हातात ठेवतो. या फाइलमध्ये एक ओळ सरासरी ६८ बाइटांची होती, म्हणजे एका घासात साधारण १२० ओळी. पहिला घास निर्दोष होता, त्याच्या सगळ्या ओळी छापल्या गेल्या. दुसरा घास उलगडतानाच प्रोग्रॅम पडला, त्यामुळे त्यातली एकही ओळ दिसली नाही. दोष दुसऱ्या घासात कुठेही असू शकत होता. तो होता १९४व्या ओळीत, भाचा शोधत होता तिथून ७३ ओळी पुढे. संदेशातली ५१२७ ही जागाही फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेली नव्हती, त्या घासाच्या सुरुवातीपासून मोजलेली होती. भाच्याने एडिटरमध्ये फाइलच्या ५१२७व्या बाइटावर जाऊन पाहिलं तेव्हा तिथे पंच्याची एक साधी ऑर्डर सापडली.

आणि ओळी काढल्यावर ‘दोष पुढच्या ओळीत सरकतोय’ असं का वाटलं? घासाची सीमा ८१९२वरच राहते, ओळी मात्र वर सरकतात. त्यामुळे सीमेवर जी येईल ती ओळ गुन्हेगार दिसते. तीन निरपराध ओळी अशा गेल्या.

त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याला क्लासमध्ये शिकवलं होतं की एरर दाखवतो त्याच्या आजूबाजूला पाहावं. पायथनमध्ये बराच काळ तो सल्ला खराही होता. कंस बंद करायचा राहिला की जुना पायथन पुढच्या, अगदी निर्दोष ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणून बोट ठेवायचा. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून तो सरळ सांगतो की अमुक कंस बंदच झाला नाही. कंसाच्या बाबतीत गुन्हेगार शेजारीच राहतो. इथे तो दुसऱ्या पेठेत राहत होता.

पाच वाजून गेले. आता समोर तीन वाटा होत्या. एक, मार्कर घेऊन हाताने नावं लिहायची. दोन, फाइल लॅपटॉपवर चालवून तिथून छापायची. पण उबुंटूवर त्या प्रिंटरचं गणित कधी जमवलेलं नव्हतं. तीन, नेटवर सापडलेला उतारा: फाइल उघडताना ‘चुका दुर्लक्षित करा’ असा पर्याय द्यायचा. तिसरी वाट निवडली. एक शब्द घातला, एरर गायब, ३८ लेबलं छापून झाली. टेम्पो वेळेवर गेला. ताईंनी शीटमध्ये सगळ्यांपुढे ‘गेलं’ लिहिलं.

पाच लेबलांवर गावाचं नाव ‘बार�शी’ असं उमटलं होतं. हमालांना ते वाचता आलं. काढलेल्या तीन ओळी परत घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मंगळवार: बरोबर उत्तर सापडलं आणि खोडलं गेलं

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा क्षण मंगळवारी दुपारचा आहे. भाच्याने रात्री वाचन केलं होतं. अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. आपली फाइल यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये आहे आणि ते पायथनला सांगायला हवं, एवढं त्याला कळलं. त्याने ‘दुर्लक्ष करा’ काढलं, वाचनाच्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहिलं आणि प्रोग्रॅम चालवला.

शेवटची ओळ: ‘चारमॅप’ कोडेकला ४१२ ते ४१६ या जागेवरची अक्षरं एन्कोड करता येत नाहीत, अक्षर ‘अनडिफाइन्ड’कडे जातं.

तोच चारमॅप, तेच अनडिफाइन्ड. त्याला वाटलं, काही फरक पडला नाही. उलट पडलाच तर वाईट, कारण आता २४० ओळींतली एकही लेबलापर्यंत पोचली नव्हती. त्याने आपला बदल खोडला आणि ‘दुर्लक्ष करा’ परत घातलं.

खरं तर अर्धं काम झालं होतं. पहिल्या संदेशात ‘डिकोड’ होतं, म्हणजे वाचताना अडलं. दुसऱ्यात ‘एन्कोड’ होतं, म्हणजे वाचन पार पडलं आणि लिहिताना अडलं. एररच्या वर दिलेला ओळ क्रमांकही बदलला होता: आधी फाइल वाचायची ओळ, आता पान लिहायची. आणि ४१२ ते ४१६ म्हणजे पाच अक्षरं: ट, ॉ, व, े, ल. पानावरचा पहिला मराठी शब्द. सोमवारपर्यंत रोज छापला जाणारा ‘टॉवेल’ आता अडला, हेच सांगत होतं की प्रोग्रॅमने तो आयुष्यात पहिल्यांदाच टॉवेल म्हणून वाचला.

संध्याकाळी एका ओळखीच्याने सुचवलं की डेटा एक्सेलमध्ये घेऊन ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात साठवा. तसं केल्यावर तिसराच एरर आला: ‘की एरर: ऑर्डर’, म्हणजे ऑर्डर नावाचा रकाना सापडत नाही. ऑर्डर हा तर पहिलाच रकाना, डोळ्यांना दिसतोय. ‘एक्सेलने फाइल बिघडवली’ म्हणून तीही वाट सोडली गेली. एक्सेल त्या प्रकारात फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण ठेवतो. प्रोग्रॅमने ती पहिल्या शीर्षकाला चिकटवून वाचली. संदेश मात्र तुम्ही काय मागितलं तेवढंच सांगतो. फाइलमध्ये प्रत्यक्ष काय आहे ते सांगत नाही.

बुधवार

बुधवारी सकाळी सांगोल्याहून फोन आला. गुरुवारी लग्न आहे, आहेराचे दीडशे टॉवेल आलेले नाहीत. शीटमध्ये ‘गेलं’. ट्रान्सपोर्टच्या पावतीत नाही. गोडाऊनमध्ये शोधलं तर माल जागेवरच, बांधलेला, लेबल नसलेला. शेजारी आणखी दोन गाठी तशाच.

अण्णांनी मला बोलावलं ते यानंतर. मी दुपारी दोनला पोचलो.

पहिली वीस मिनिटं मीही वाया घालवली, हे कबूल करतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडली, मराठी स्वच्छ दिसली, म्हणून फाइल चांगली आहे असं म्हटलं. ते बरोबर होतं. मग म्हटलं, पायथनच्या इन्स्टॉलेशनमध्ये घोळ असेल, काढून परत टाकू. ते साफ चूक होतं आणि मी डाउनलोड सुरूही केलं होतं. नेट संथ होतं म्हणून वाचलो. वाट पाहताना मी एररचा सगळा मजकूर वाचायला लागलो, नुसती शेवटची ओळ नाही. शेवटच्या ओळीच्या जरा वर, कुणी कुणाला बोलावलं याच्या यादीत, एका फाइलचं नाव होतं: ‘एन्कोडिंग्ज’ फोल्डरमधली ‘सीपी १२५२’.

सीपी १२५२ ही पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीची विंडोजची जुनी अक्षरयादी. एका बाइटाला एक अक्षर. प्रोग्रॅममध्ये कुठेही एन्कोडिंग सांगितलेलं नव्हतं, म्हणून पायथनने विंडोजला विचारलं आणि विंडोजने ही यादी हातात दिली. उबुंटू अशा वेळी यूटीएफ-८ देतो. भाच्याकडे चालण्याचं कारण एवढंच. आणि संदेशातलं ‘चारमॅप’ हे त्या यादीचं नावही नाही. अशा याद्या वापरणाऱ्या आतल्या सामायिक यंत्रणेचं ते नाव आहे. चोराऐवजी त्याच्या सायकलच्या कंपनीचं नाव सांगावं, तसं.

मग मी लेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ‘बार्शी’ मांडलं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. र म्हणजे ई०, ए४, बी०. हलन्त म्हणजे ई०, ए५, ८डी. सापडला! एररमधला ८डी हा बार्शीतल्या र्श मधला पाय मोडणारा हलन्त होता. सीपी १२५२च्या २५६ घरांपैकी पाच रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीत ८डीवर हलन्त आणि ऍ येतात, ८१वर उकार आणि चंद्रबिंदू, ८एफवर ए, ९०वर ऐ आणि ॐ, ९डीवर झ. यांपैकी काही नसलेला शब्द या यादीतून बिनतक्रार वाचला जातो, अर्थात चुकीचा.

अण्णा शेजारी बसून हे बघत होते. त्यांना पटवायला आणि माझी खात्री करायला मी जिल्ह्याचे अकरा तालुके अकरा वेगळ्या फाइलींत घातले आणि एकेक चालवला. मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, माळशिरस हे सात पास. उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी हे चार नापास. चौघांतही जोडाक्षर.

अण्णा म्हणाले, “पंढरपूरला जातंय, अन् बार्शीशी काय वाकडं हो सर याचं?”

दोन चुकांची जोडी

पण मग पाच महिने टॉवेल आणि चादर बरोबर कसे छापले जात होते? भाच्याने हाच प्रश्न विचारला आणि तो खरा प्रश्न होता.

प्रोग्रॅम वाचताना चुकीची यादी वापरत होता आणि लिहितानाही तीच चुकीची यादी. आत ‘टॉवेल’चे पंधरा बाइट पंधरा परकी चिन्हं म्हणून राहत, लिहिताना ती चिन्हं पुन्हा त्याच पंधरा बाइटांत बदलत. ब्राउझरला पान यूटीएफ-८ आहे हे सांगितलेलं होतं, त्यामुळे तो ते बरोबर दाखवे. सूत देतानाही तोच खोटा गज आणि माल घेतानाही तोच खोटा गज असेल, तर हिशेब जुळतोच. भाच्याने मंगळवारी एका टोकाचा गज खरा केला आणि हिशेब लगेच फिसकटला.

‘दुर्लक्ष करा’नेही हिशेब असाच एका टोकाला बिघडवला होता. हलन्ताच्या तीन बाइटांतला तिसरा गाळला, दोन तसेच लिहिले. ते दोन अपुरे बाइट म्हणजे ‘बार�शी’मधलं ते काळं प्रश्नचिन्ह.

एक पुरावा सोमवारपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. भाच्याने ओळी पडद्यावर छापल्या होत्या ना, त्यांत मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग ¤, मग ¥, मध्येच एखादा € असं दिसत होतं. परकी चलनाचा बाजार भरल्यासारखं. त्याने ते पाहिलं होतं. ‘विंडोजच्या काळ्या पडद्यावर मराठी दिसतच नाही’ असं समजून सोडून दिलं. त्या पडद्याचा मराठीचा लौकिक वाईट आहे हे खरं, पण तो अक्षर दाखवता आलं नाही तर चौकोन दाखवतो. येनची चिन्हं दाखवत नाही.

दुरुस्तीचे पर्याय

बुधवारी साडेचारला आमच्यापुढे चार पर्याय होते.

गावं परत इंग्रजीत लिहायची: हमालांची तक्रार परत आणि उद्या कुणी ‘हातरुमाल’ असा माल टाकला की त्यातल्या उकारावर परत अडणार. विंडोजचीच सेटिंग बदलून सगळीकडे यूटीएफ-८ करायचं: तशी सोय आहे, पण त्याच कॉम्प्युटरवर अण्णांचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं काय होईल याची हमी मी देणार नव्हतो. पायथनला यूटीएफ-८ मोडमध्ये चालवायचं: ३.७पासून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवरची एक सेटिंग) लावलं की होतं, कोडला हात लावावा लागत नाही. हा पर्याय मोहात पाडणारा होता. पण तो त्या मशीनमध्ये दडून राहतो. कॉम्प्युटर बदलला की दोन वर्षांनी कुणीतरी परत बार्शीवर अडकणार आणि तेव्हा आम्ही तिथे नसणार.

चौथा पर्याय घेतला: कोडमध्ये प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग स्पष्ट लिहायचं. वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’, म्हणजे एक्सेलची ती तीन बाइटांची खूण असली तर गाळली जाते आणि नसली तरी चालतं. लिहिताना साधा यूटीएफ-८. ऑफिसमधला पायथन ३.११ होता, त्यामुळे आणखी एक सोय हाताशी होती: ३.१०पासून पायथनला सांगता येतं की जिथे एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली असेल तिथे इशारा दे. तो पर्याय लावल्यावर तीन जागा निघाल्या. दोन आम्हाला माहीत होत्या. तिसरी नोंदवहीच्या फाइलची होती. ती आठवड्याभरात परत आम्हाला तिथे घेऊन आली असती.

पायथनने स्वतःच ३.१५ आवृत्तीपासून यूटीएफ-८ गृहीत धरायचं ठरवलं आहे. तोपर्यंत जगभर विंडोजवर हाच खेळ चालू राहणार. इंग्रजीत काम करणाऱ्यांना त्याची झळ क्वचित लागते, आपल्याला दर जोडाक्षराला.

काय झालं

पावणेसहाला त्या दिवसाची लेबलं छापली, बार्शी आणि अक्कलकोट धडधाकट. राहिलेल्या तीन गाठींपैकी दोन त्याच टेम्पोत गेल्या. सांगोल्याचे टॉवेल घेऊन भाचा स्वतः मंगळवेढामार्गे एसटीने गेला आणि रात्री उशिरा मालकाच्या हातात देऊन आला. तो दुकानदार अण्णांचा जुना गिऱ्हाईक, त्यामुळे बोलण्यावर निभावलं. बार्शीच्या दुकानदारानेही फोन केला होता, पण तो चौकशीसाठी: आमच्या गावाच्या नावात प्रश्नचिन्ह का घातलंय?

‘गेलं’ची खूण आता एकदम लावत नाहीत. छापलेली लेबलं आणि शीटमधल्या बाकी ऑर्डरी यांची संख्या प्रोग्रॅम शेवटी दाखवतो. ती जुळली तरच ताई खुणा करतात. अकरा तालुक्यांच्या फाइली भाच्याने तपासणीसाठी तशाच ठेवल्या आहेत आणि बारावी म्हणून झ, ए, ऐ, ॐ यांची एक.

वेगळं काय करता आलं असतं

निघताना ताई सहज म्हणाल्या, “सर, असंच पंधरा दिवसांपूर्वी पण एकदा झालं होतं.” एका ऑर्डरीत ‘वॉल हँगिंग’ लिहिलं तेव्हा प्रोग्रॅम अडला होता. त्यांनी तो शब्द पुसून परत टाइप केला आणि चाललं. कॉम्प्युटर दमला असेल, असं वाटून त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आम्ही शीटचा जुना इतिहास उघडून पाहिलं. पहिल्यांदा ‘हँगिंग’ चंद्रबिंदूने लिहिलं होतं, दुसऱ्यांदा ‘हॅंगिंग’, म्हणजे अर्धचंद्र आणि वेगळा अनुस्वार. कागदावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. पण चंद्रबिंदूत ८१ आहे आणि अर्धचंद्र-अनुस्वारात ८५ आणि ८२. पहिला रिकाम्या घरात पडतो, दुसरा भरलेल्या. त्या दिवशी तो संदेश मोबाइलवर फोटो काढून भाच्याला पाठवला असता, तर लग्नसराईआधी शांतपणे हे निस्तरलं असतं. चूक ताईंची म्हणवत नाही. एरर आला तर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता भिंतीवर कागद आहे: एरर आला की काहीही पुसायच्या आधी फोटो.

भाच्याने मंगळवारी दोन संदेश कागदावर एकाखाली एक लिहिले असते, तर डिकोड आणि एन्कोड हा फरक त्याला दिसला असता असं मला वाटतं. त्याला ते पटत नाही. तो म्हणतो, त्या वेळी मला तो शब्द दिसलाच नसता, मी फक्त ‘चारमॅप’ शोधत होतो. बहुधा त्याचंच बरोबर आहे. एवढ्यासाठीच मी आता क्लासमध्ये विद्यार्थ्यांना एरर मोठ्याने वाचायला लावतो, वरपासून. पोरं हसतात.

मूळ फाइलवर काम न करता तिची प्रत काढायला हवी होती, हे उघड आहे. ओळी काढून पाहणं ही वाईट युक्ती नाही, पण काढायच्या तर अर्धी फाइल काढून पाहावी, मग उरलेल्याची अर्धी. २४० ओळींत आठ फेऱ्यांत नेमकी ओळ हाती लागते, मग संदेश कुठेही बोट दाखवो.

आणि सोमवारचा तो निर्णय. भाचा अजून म्हणतो की ‘दुर्लक्ष करा’ घातलं म्हणून तर त्या दिवशी टेम्पो हुकला नाही. पण ३८ लेबलं मार्करने लिहायला ताईंना अर्धा तास लागला असता. टेम्पो साडेसहाला होता. पहिला एरर आला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.